दुभाष्याकडून अपेक्षा

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर हे कावेरीकाठचे तालुक्याचे गाव. अशा गावच्या न्यायालयात कन्नड न जाणणारा मराठी मजूर साक्षीला उभा राहिला आणि “त्याने त्याला मारले” एवढेच बोलला, तर दुभाष्यापुढे मोठा पेच उभा राहतो. मराठीतील ‘मारणे’ या क्रियापदात मार देणेही येते आणि जीव घेणेही येते. कन्नडमध्ये पहिल्यासाठी ‘होडे’ व दुसऱ्यासाठी ‘कोल्लु’ असे निराळे धातू आहेत. दुभाष्याला त्यांतून निवड करणे भाग पडते, आणि त्या निवडीवर आरोपीचे भवितव्य अवलंबून असू शकते.

आपल्या पक्षाला सोयीचा शब्द योजला जावा, असे दोन्ही बाजूंच्या वकिलांना मनातून वाटत असते. कायद्याची अपेक्षा मात्र एकच आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८२ ने दुभाष्यावर खरे भाषांतर सांगण्याचे बंधन घातले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या संहितेनेही ते कायम ठेवले आहे. म्हणून जाणता दुभाषी येथे तर्क लढवीत नाही. तो संदिग्धता न्यायाधीशांच्या नजरेस आणून साक्षीदारास पुन्हा विचारण्याची अनुमती मागतो. यात वेळ जातो, अशिलाचा रोषही ओढवतो.

वैद्यकाच्या क्षेत्रात कायद्याचा असा धाक नसतो. तेथे बहुधा रुग्णाचा मुलगाच दुभाषी होतो! “जीव घाबरा होतो” या आईच्या शब्दांचे त्याने ‘भीती वाटते’ असे रूपांतर केले, की डॉक्टरांची तपासणी हृदयाऐवजी मनाकडे वळण्याचा संभव असतो.

व्हिएन्नाच्या इंग्रिड कुर्त्स यांनी १९८९ मध्ये वैद्यकीय परिषदेच्या श्रोत्यांना आणि पुढे इतर क्षेत्रांतील श्रोत्यांनाही त्यांच्या अपेक्षा विचारल्या. मूळ आशयाशी इमान ही अपेक्षा सर्वांनी अग्रस्थानी ठेवली; उच्चारांच्या अस्सलपणाला फारसे महत्त्व दिले नाही. व्यवसायातील मंडळींना परिभाषा अचूक हवी असते, गोड आवाज नव्हे.

ही गरज काही नवी नाही. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकाच्या सुमारास रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी हा होता. बोलणी राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई, नाण्यांचे चलन आणि फुटलेल्या जहाजांवरील मालाची मालकी यांविषयी होती. केवळ दोन भाषा येणाऱ्या माणसाचा तेथे निभाव लागला नसता. वखार, टांकसाळ आणि बंदर या तिन्हींचे व्यवहार त्याला ठाऊक असणे आवश्यक होते.