प्रयोगशाळेच्या वरचा मजला

कारखान्यात यंत्रात हात सापडतो, खाणीत छत कोसळते. विद्यापीठात कुणाला काय होणार? फार तर खडूची धूळ नाकात जाईल, असा सर्वसाधारण समज. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत 1978 साली हा समज चाळीस वर्षांच्या एका छायाचित्रकार बाईंच्या जिवावर बेतला.

जॅनेट पार्कर त्यांचे नाव. त्या ना डॉक्टर होत्या, ना संशोधक. शरीररचना विभागासाठी फोटो काढायचे आणि डार्करूममध्ये धुवायचे, एवढेच त्यांचे काम. त्यांच्या खालच्या मजल्यावर प्राध्यापक हेन्री बेडसन यांची प्रयोगशाळा होती. तिथे देवीचे जिवंत विषाणू हाताळले जात. भारत 1975 मध्येच देवीमुक्त झाला होता आणि निसर्गतः देवी आलेला जगातला शेवटचा रुग्ण 1977 च्या ऑक्टोबरमध्ये सोमालियात सापडला होता. म्हणजे हा रोग आता फक्त मोजक्या प्रयोगशाळांच्या कपाटांत उरला होता.

11 ऑगस्टला पार्करबाईंना ताप आला, मग अंगावर पुरळ उठले. औषधाची ॲलर्जी असेल, असे आधी वाटले. 24 ऑगस्टला निदान झाले. फोडातल्या द्रवात देवीचा विषाणू ओळखला तो स्वतः बेडसन यांनीच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आपले आयुष्य संपवले. त्याच आठवड्यात विलगीकरणात असलेले बाईंचे वडील हृदयक्रिया बंद पडून गेले. आईलाही देवी आल्या, पण सौम्य; त्या वाचल्या. 11 सप्टेंबरला पार्करबाई गेल्या. देवीने मृत्यू आलेली जगातली ती शेवटची व्यक्ती.

चौकशीत जे बाहेर आले ते कुठल्याही कार्यालयात सापडेल असे होते. जागतिक आरोग्य संघटनेला ही प्रयोगशाळा पुरेशी सुरक्षित वाटत नव्हती आणि ती वर्षअखेरीस बंद व्हायची होती. त्यामुळे हातातले काम उरकण्याची घाई सुरू झाली आणि विषाणूंची हाताळणी उलट वाढली. खालून वर जाणारी नळ-तारांची एक पोकळी टेलिफोनच्या खोलीपाशी पोचत होती. आर्थिक वर्ष संपण्याआधी फोटोचे सामान मागवायचे म्हणून बाई जुलैअखेर त्याच खोलीतून फोनवर फोन करत होत्या. त्यांना देवीची लस टोचल्याला बारा वर्षे उलटून गेली होती. खाली काम करणाऱ्यांसाठी लसीची शिस्त होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा विचार त्यात कुणी केलाच नव्हता. खरे तर इशारा आधीच मिळाला होता. 1966 साली याच छायाचित्रण विभागातल्या एका कर्मचाऱ्याला सौम्य जातीच्या देवी आल्या होत्या!

कामगार सुरक्षेच्या 1974 च्या कायद्याखाली विद्यापीठावर खटला भरला गेला. 1979 मध्ये ते निर्दोष सुटले, कारण विषाणू त्या पोकळीतूनच वर गेला हे सिद्ध होऊ शकले नाही. तो विषाणू खालच्याच प्रयोगशाळेतला होता, हे मात्र उघड होते. आता कायद्याला वाट नेमकी दाखवावी लागते हे मान्य. पण वरच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला अशा निकालाचा काय उपयोग?

अशा ठिकाणी कोण कर्मचारी आणि कोण विद्यार्थी, यावरही बरेच काही ठरते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2008 च्या डिसेंबरअखेर शेरी सांगजी ही तेवीस वर्षांची संशोधन साहाय्यक हवेत आपोआप पेटणारे रसायन सिरिंजने ओढत होती. दट्ट्या निसटला. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर, वर लॅबकोट नाही. अठरा दिवसांनी ती गेली. ती पगारी नोकर होती, म्हणून राज्याचे कामगार सुरक्षा खाते तिथे येऊ शकले, दंड झाला आणि पुढे तिच्या प्राध्यापकांवर फौजदारी आरोपही ठेवले गेले. तिच्या जागी बिनपगारी विद्यार्थिनी असती, तर त्या खात्याला दार उघडलेच नसते.

आपल्याकडे मात्र धोका दाराबाहेर गेला, तोही लिलावाने. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 असलेले एक कॅनडाचे गॅमा उपकरण 1985 पासून पडून होते. ते वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले होते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षे बसलेल्या वस्तूचा निकाल लावायचा, हे प्रत्येक कचेरीचे आवडते काम. 2010 च्या फेब्रुवारीत हे उपकरणही भंगारात गेले आणि मायापुरीच्या बाजारात पोचले. कोबाल्ट-60 ची किरणशक्ती साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते. पाव शतकात ती बरीच उतरली होती, तरीही उरलेली पुरेशी होती. कामगारांनी शिशाचे कवच फोडले, आतले तुकडे काढले. एका दुकानदाराने एक तुकडा पाकिटात ठेवला. एका कामगाराचा मृत्यू झाला, आणखी काही जण किरणांनी भाजून रुग्णालयात गेले.

असे उपकरण मोडीत काढण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी घ्यायची, हा नियम तेव्हाही होता. परवानगी मागायची तर हातातली वस्तू काय आहे हे आधी कुणाला तरी ठाऊक हवे, आणि ते ठाऊक असलेला माणूस घरी गेला होता. पुढे मंडळाने विद्यापीठाला किरणोत्सारी स्रोत वापरण्यास मनाई केली. मायापुरीत शोधून काढलेले कोबाल्टचे तुकडे शिशाच्या पेटाऱ्यांतून नरोऱ्याच्या अणुवीज केंद्राकडे रवाना झाले.