डोंगराची माती



आज आपल्या मुलखाविषयी चार गोष्टी सांगतो.

आपला साखरा हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. इथली जमीन सपाट नाही. कुठे टेकडी, कुठे माळ, कुठे ओढा. टेकडीवर मुरूम आणि दगड. ओढ्याकाठी काळे रान. एकाच मुलखात असे का बरे?

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. आतला वितळलेला दगड वर आला, पसरला आणि थंड झाला. असे थरावर थर बसले. ऊन, वारा, पाऊस यांनी तो दगड झिजला. त्याची माती झाली. पावसाने ती खाली ओढली. म्हणून टेकडी उघडी आणि खालचे रान काळे.

पण पाणी तिथेच थांबत नाही. आपल्या तालुक्यातून कयाधू वाहते. ती पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते. ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून समुद्रात जाते. आपली मातीही त्याच वाटेने जाते. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. जायला एक मोठा पाऊस पुरतो.

मग ती अडवायची कशी? उताराला आडवा बांध घालून. धावते पाणी माती नेते, चालते पाणी माती ठेवते. हे दूरदेशीचे लोकही जाणत होते. त्यांचे काय झाले, ते ऐका.

युरोपच्या दक्षिणेला भूमध्य समुद्र आहे. त्यात कॉर्सिका नावाचे बेट आहे. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. हे बेट फ्रान्स देशात मोडते. मुलूख सगळा डोंगराळ. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच, तर तिथले सर्वांत उंच शिखर २,७०६ मीटर. बेट आपल्या जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. माणसे मात्र साडेतीन लाखांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीत पावणेबारा लाखांवर माणसे होती.

तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा जातो. लोकांनी उतारावर दगडी बांध रचले. पायऱ्यांसारखी शेते केली. गहू पिकवला, द्राक्षे लावली. मग १९१४ ते १९१८ चे महायुद्ध झाले. पुष्कळ तरणी माणसे त्यात गेली. कितीएक पोटासाठी परमुलखात गेली. बांधाचा दगड निसटला, तर उचलून ठेवायला कोणी उरले नाही. बांध ढासळले. शेतांत झुडपे माजली. उन्हाळ्यात त्या वाळल्या रानाला वणवे लागतात.

मंडळी, आपल्या मराठवाड्यातूनही दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. पोटासाठी जावे लागते, त्यात दोष नाही. पण मागे बांधाकडे कोण पाहणार? घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला एकट्याने दगड उचलत नाही.

म्हणून म्हणतो, परत आल्यावर चार घरांनी मिळून एकेक बांध पाहावा. फुटला असेल तिथे दगड बसवावा. बांधावर गवत लावावे. नांगर उताराला आडवा धरावा. याला पैसा थोडा, हात जास्त लागतात. आणि हे पहिल्या पावसाच्या आत झाले पाहिजे. माती एकदा ओढ्याला लागली, की ती परत येत नाही.