एकशे ऐंशी मिनिटांचा प्रश्न



गडचिरोलीच्या शाखेत सकाळी अकराला नवा कारकून रुजू होतो. पुण्याच्या मुख्य कार्यालयातला ॲडमिनिस्ट्रेटर त्याचं खातं लगेच उघडतो, पासवर्ड फोनवर सांगतो आणि चहाला जातो. शाखेतला संगणक मात्र असा कुणी माणूस ओळखतच नाही. पुन्हा फोन होतो, ‘लाइन खराब असेल’ असं निदान होतं. लाइन ठणठणीत असते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत दोन साइटना जोडणाऱ्या दुव्यावरून बदल पोचवण्याची मूळ मुदत १८० मिनिटांची असते आणि तिला कुणी हात लावलेला नसतो, एवढंच.

विंडोज २००० सर्व्हरबरोबर ही डिरेक्टरी आली तेव्हा शाखांच्या लाइनी बारीक आणि महागड्या होत्या. म्हणून एका साइटच्या आत बदल झटपट कळवायचा, साइटबाहेर मात्र तो साठवून, दाबून, ठरल्या वेळी पाठवायचा, अशी योजना झाली. ती शहाणपणाचीच होती. आता तालुक्याच्या गावीही फायबर पोचला, तरी १८० चा आकडा जागचा हलला नाही. तो सरळ १५ वर आणता येतो. दुव्यावर बदलाची सूचना चालू केली तर तेवढंही थांबावं लागत नाही. दणकट लाइनवर १८० ठेवणं हा निव्वळ आळस आहे. आणि अगदीच घाई असेल, तर कन्सोल शाखेच्या डोमेन कंट्रोलरला जोडून खातं तिथेच उघडावं. ही युक्ती जुनी आहे, पण वापरणारे थोडे.

खरा घोळ आकड्यात कमी आणि नकाशात जास्त असतो. शाखेला नवी आयपी मालिका मिळते, नेटवर्कवाले ती डिरेक्टरीवाल्यांना सांगत नाहीत, सबनेट कुठल्याच साइटला जोडलं जात नाही. मग शेजारचा कंट्रोलर सोडून तिथले संगणक दूरच्या कुठल्याही कंट्रोलरकडे लॉगिन मागतात आणि सकाळी डेस्कटॉप उघडायला दहा मिनिटं लागतात. नेटलॉगॉनच्या लॉगमध्ये ‘नो क्लायंट साइट’ अशा ओळींची रांग लागलेली असते. ती फाइल उघडतो कोण?

उलट काहींचा उत्साह दांडगा. कंट्रोलरांमधल्या जोडण्या आपोआप आखणारा केसीसी दर १५ मिनिटांनी त्यांचा हिशेब तपासत असतो, तरी हे लोक हाताने जोडण्या ओढून ठेवतात. हाताने केलेली जोडणी केसीसी पुसत नाही. करणारा नोकरी सोडून जातो, जोडणी राहते. साइटबाहेरची देवाणघेवाण सांभाळणारा ब्रिजहेड सर्व्हरही हाताने नेमला आणि तोच बंद पडला, तर त्या जागी दुसरा आपोआप घेतला जात नाही.

रेप्लिकेशन, म्हणजे कंट्रोलरांनी एकमेकांच्या प्रती ठेवणं, हाच बॅकअप, हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत घुसला. जगभरातले तिचे जवळपास १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती सांभाळत होते. एक गेला तर बाकीचे आहेतच, हा हिशेब. सगळे एकदम जातील हे कुणाच्या गणितात नव्हतं. वाचला तो फक्त घानातला एक, तोही वीज गेल्यामुळे आधीच नेटवर्कबाहेर पडलेला होता म्हणून. तिथून, सावरण्याचं काम चाललेल्या इंग्लंडला तारेवरून डेटा पाठवायचा तर लाइन बारीक, कित्येक दिवस लागले असते. डिस्क हाताने न्यावी तर घानातल्या कर्मचाऱ्यांपाशी ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण नायजेरियाला गेला, विमानतळावर हार्ड डिस्क सहकाऱ्याच्या हाती दिली आणि ती विमानाने लंडनला पोचली. त्या प्रतीवरून डिरेक्टरी उभी राहिली. ४००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत नव्याने बसवल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं.

जेवणानंतरच्या सत्रात रेप्लिकेशन तपासणाऱ्या ‘रेपॲडमिन’चा अहवाल कसा वाचायचा, यावर प्रात्यक्षिक आहे. मात्र डोमेनबाहेर ठेवलेल्या सिस्टिम स्टेट बॅकअपचा आणि तो परत चढवून पाहण्याच्या तालमीचा विषय कार्यक्रमपत्रिकेत नाही. आयोजकांनी त्यासाठी अर्धा तास काढावा, अशी अध्यक्षपदावरून सूचना आहे.