उंचीचं इंजेक्शन : कुणाला आणि कशासाठी?

शनिवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात जून महिन्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, हा वर्गात सगळ्यांत बुटका आहे. उंचीचं इंजेक्शन असतं म्हणे, देऊ या का?"

असतं, हे खरं. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं हार्मोन स्रवतं. पूर्वी ते मृत व्यक्तींच्या ग्रंथींतून काढत. त्यातून काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं १९८५ साली उघडकीला आलं आणि तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी जनुकतंत्रानं तयार केलेल्या हार्मोनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आज तेच वापरतात. त्यात त्या आजाराची भीती नाही.

ज्याच्या शरीरात हे हार्मोन कमी आहे, त्या मुलाला ते वरदानच. पहिल्या वर्षात आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढू शकते. टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींनाही फायदा होतो. मात्र हार्मोन पुरेसं असूनही बुटक्या राहिलेल्या मुलांत, कित्येक वर्षं टोचून घेतल्यावर सरासरी चार ते सात सेंटिमीटरच पदरात पडतात.

त्यासाठी बहुधा रोज रात्री सुई, मुलाच्या वजनाबरोबर वाढत जाणारा खर्च आणि नियमित तपासण्या. क्वचित तीव्र डोकेदुखी, खुब्याचं हाड सरकणं, रक्तातली साखर वाढणं असे त्रासही होतात. कर्ज काढण्यापूर्वी हा हिशेब मांडायला हवा.

आधी उंची मोजा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारपेक्षा कमी वाढलं, तर डॉक्टरांना दाखवा. ते बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते पाहतील, पुण्याच्या डॉ. वामन खडिलकरांचा ते तयार करण्यात मोठा वाटा आहे. आईवडिलांची उंची विचारात घेतील, डाव्या हाताचा एक्स-रे काढतील. थायरॉइड कमी असणं, गहू न सोसणं अशी कारणं सापडली, तर उपाय पुष्कळ स्वस्त असतो.

पण उशीर नको. हाडांची टोकं एकदा जुळली की कुठल्याच इंजेक्शनानं उंची वाढत नाही. दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करा, शेजारी तारीख लिहा. आणि तोवर घरात त्याला कुणी 'बुटक्या' म्हणून हाक मारू नका.