छान केलंस, बाळा

श्रोतेहो, आज मी एक तक्रार घेऊन माइकपुढे बसलो आहे. ती रस्त्यांबद्दल नाही, पाण्याबद्दल नाही, विजेच्या बिलाबद्दलही नाही. टीव्हीवरच्या एका गोष्टीबद्दल आहे, आणि ती गोष्ट पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. इतक्या वर्षांनी तक्रार करून काय उपयोग, असं घरात मला विचारून झालं आहे. पण महिना होत आला, ती पंचवीस मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

मे महिन्यातली दुपार होती. भंडाऱ्याची मेमधली दुपार म्हणजे काय, ते इकडच्यांना सांगायला नको. दारं-खिडक्या लावून आम्ही सगळे कूलरसमोर आडवे पडलो होतो. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीवर आला होता. त्यानं लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, ''मामू, तुम्ही भुताखेतांना भीत नाही ना? मग हे बघा. यात भूत नाही.''

खरंच भूत नव्हतं. एक सहा वर्षांचा मुलगा होता.

'द ट्वायलाइट झोन' ही जुनी अमेरिकन मालिका. तिचा हा भाग ३ नोव्हेंबर १९६१ रोजी दाखवला गेला. नाव 'इट्स अ गुड लाइफ'. जेरोम बिक्सबी यांच्या १९५३ सालच्या कथेवरून मालिकेचे निर्माते रॉड सर्लिंग यांनी तो लिहिला. ओहायो राज्यातलं पीक्सव्हिल नावाचं खेडं. तिथल्या अँथनी नावाच्या पोराच्या मनात येईल ते घडतं. त्याला मोटारी आवडल्या नाहीत, मोटारी गेल्या. वीज आवडली नाही, वीज गेली. गावाबाहेरचं जग उरलं आहे की नाही, हेही कोणाला ठाऊक नाही. पोराला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. त्यामुळे नुसतं गोड बोलून भागत नाही, मनातही गोडच आणावं लागतं. कोणी तोंड वाकडं केलं, की पोरगा त्याला मक्याच्या शेतात 'पाठवतो'. गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून गावात सगळे हसतमुख. पोरानं तीन डोक्यांचं एक जनावर बनवलं, 'छान केलंस.' कंटाळून ते मारून टाकलं, 'तेही छान केलंस.'

या पोराला गाणं आवडत नाही. घरात एमी नावाची एक बाई आहे. ती एकदा त्याच्यासमोर गायली. त्यानंतर तिचं काय झालं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. आतला दिवा विझलेला, पंख्यानं वारा घेत नुसती बसून असते. मग एका शेजाऱ्याचा वाढदिवस येतो. डॅन हॉलिस त्याचं नाव. त्याला भेट म्हणून गाण्याची तबकडी मिळते. तो ती हातात घेऊन उलटी-सुलटी करतो, पण लावायची नाही. मी आयुष्यभर ओळी जुळवत आलेला माणूस. मला त्या मक्याच्या शेतापेक्षा ती न वाजलेली तबकडी जास्त लागली. हॉलिस दारू पितो, धीर चेपतो आणि स्वतःच्याच वाढदिवसाचं गाणं गायला लागतो. पोरगा त्याच्याकडे बघायला लागल्यावर तो ओरडतो की, याचं लक्ष माझ्यावर आहे तोवर कोणीतरी मागून या, काहीतरी जड उचला आणि याच्या डोक्यात घाला.

एमीचा हात शेकोटीजवळच्या लोखंडी सळईकडे जातो आणि मागे येतो.

बाकी कोणी हलत नाही. हॉलिसचं जे व्हायचं ते होतं. मग पोराच्या मनात येतं म्हणून बाहेर बर्फ पडायला लागतो. बाप बोलायला जातो की यानं निम्मं पीक जाईल. बायको त्याच्याकडे बघते. तो शब्द गिळतो आणि म्हणतो, बर्फ पाडलास ते छान केलंस, उद्याचा दिवस छान जाणार. संपलं. सर्लिंग येऊन सांगतात की यावर आमचं काही भाष्य नाही.

वा रे वा! आम्हाला विहिरीत ढकलायचं, दोर ओढून घ्यायचा आणि वर म्हणायचं, आमचं काही भाष्य नाही.

मी तर आधीच उठून बसलो होतो. एमीचा हात मागे आला तेव्हा मी कूलरच्या आवाजाच्या वर ओरडलो होतो, ''अगं, उचल ना! उचल!'' भाचा माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, ''मामू, काय मागताय ते कळतंय का? सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात सळई.''

माझा नातू पलीकडे चटईवर झोपला होता. तो पाचाचा आहे.

त्या दिवसापासून ही चिडचिड सुरू झाली. आपल्याकडेही टीव्हीवर असा मुलगा येऊन गेला आहे. २००० नंतरची काही वर्षं 'शाका लाका बूम बूम' लागायची. त्यातल्या संजूजवळ जादूची पेन्सिल; चित्र काढलं की वस्तू हजर. आमच्या मोहल्ल्यातली पोरं शाळेतल्या पेन्सिलींना तशीच टोकं लावायची. तो संजू कोणाला कधी भीतिदायक वाटला नाही. त्याला आई होती, मित्र होते, गृहपाठ होता. अँथनीजवळ यातलं काही नाही. आईबाप घरात आहेत, पण ते प्रजेसारखे.

भाच्यानं पुण्याला गेल्यावर मला ती मूळ कथा पाठवली. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती वाचली, आमच्या बी.ए.चं इंग्रजी तेवढंच. त्यात एक वाक्य आहे, जे टीव्हीवरच्या भागात नाही. अँथनी जन्मला तेव्हा सुईणीच्या जागी असलेला डॉक्टर त्याला बघून किंचाळला, त्यानं त्याला हातातून टाकलं आणि मारायचा प्रयत्न केला. म्हणजे या पोरानं जगात आल्यावर पहिली गोष्ट पाहिली ती ही. त्यानंतर त्यानं जे केलं, ते सगळं गाव लक्षात ठेवून आहे. डॉक्टरनं काय केलं, ते त्या एका वाक्यापुरतं.

तान्ह्या पोराला भिऊन मोठ्यांनी हात उचलायचा, ही गोष्ट तशी जुनी. फिरऔननं तेच केलं, कंसानंही तेच. दोन्ही कथांत आपण पोराच्या बाजूचे असतो. मी मात्र त्या दुपारी कूलरसमोर बसून नेमका पलीकडे गेलो होतो.

कुराणात 'कहफ' नावाची सूरत आहे. जुम्म्याच्या दिवशी ती वाचायची आमच्याकडे रीत आहे. तीत हजरत मूसा एका ज्ञानी पुरुषाबरोबर प्रवासाला निघतात. परंपरेत त्यांना खिज्र म्हणतात. अट एकच, मूसांनी काही विचारायचं नाही. वाटेत एक मुलगा भेटतो आणि खिज्र त्याला मारतात. मूसांच्यानं गप्प राहवत नाही. एका निष्पाप जिवाला मारलंत, हे फार वाईट केलंत, असं ते तोंडावर म्हणतात. पुढे खिज्र कारण सांगतात की, हा मुलगा मोठा होऊन आपल्या भल्या आईबापांना बंडानं आणि नास्तिकपणानं जेरीला आणणार होता. आणि हे मी माझ्या मर्जीनं केलेलं नाही. जे खिज्र यांना माहीत होतं, ते आपल्याला कधी माहीत नसतं. लहानपणापासून मी ही कथा वाचत आलो, आणि दर वेळी माझं मन मूसांजवळच थांबतं. अट मोडली, सोबत तुटणार हे दिसत होतं, तरी बोलले. पीक्सव्हिलमध्ये मला असं बोलणारं कोणी हवं होतं. दारूच्या नशेत नव्हे, सळई मागत नव्हे. नुसतं पोराकडे बघून, 'हे वाईट केलंस', एवढंच.

आणि हे पोराला म्हणता येतं, याचा दाखला तर आमच्या शेजारीच होता. जन्माष्टमीला आमच्या भागात घरोघरी मातीचा कान्होबा बसतो. आमच्या शेजारच्या काकू तो बसवायच्या आणि आम्हा पोरांना अंगणात बसवून त्याच्या खोड्या सांगायच्या. यशोदेनं त्याच्या तोंडात सगळं ब्रह्मांड पाहिलेलं असतं. याच्यापेक्षा ताकदवान पोर कुठलं? तरी त्यानं दह्याचं मडकं फोडल्यावर ती छडी घेऊन मागे धावते आणि त्याला उखळाला बांधायला बसते. दोर दर वेळी दोन बोटं कमी पडतो. ती आणखी दोर जोडते, तरी दोन बोटं कमीच. काकू हे सांगताना पदरानं कपाळ पुसायच्या, जणू त्याच बांधताहेत. शेवटी आई घामाघूम झालेली बघून पोरगा स्वतःच बांधून घेतो. पीक्सव्हिलमध्ये दोर दोन बोटं कमी पडला असता की वीस हात, ते कळायला कोणी बांधायला तरी हवं होतं.

इथपर्यंत माझी तक्रार त्या सर्लिंगसाहेबांवर होती. पण खरं सांगायचं, तर त्या बर्फानं मला दुसरंच काही आठवून दिलं, आणि ते सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होत नाही.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले आणि गेले, मग हा. रडायला लागला की श्वास धरायचा. ओठ निळे पडायचे, मान टाकायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा अम्मीनं छाती पिटून घेतली. त्यानंतर आमच्या घरात त्याला कोणी रडू दिलं नाही. बहुतेक पोरांचं हे वयाबरोबर आपोआप जातं, हे मला खूप वर्षांनी कळलं. तेव्हा आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं. ताट भिरकावलं, 'अच्छा किया, बेटा.' बहिणीची वही फाडली, 'अच्छा किया.' आम्ही भावंडं त्याच्यासमोर आवाज खाली ठेवून बोलायचो.

अब्बा वैनगंगेच्या काठाला दोन एकर ठेक्यानं करायचे. मी अकरा वर्षांचा होतो, तो सहाचा. दिवाळी होऊन गेली होती. धान कापून, कडपा वाळवून बांधीच्या कडेला पुंजणं रचलं होतं. दुपारी चुलीपुढची काडीपेटी घेऊन हा तिकडे गेला. आम्ही धूर बघून धावलो तेव्हा अर्धं पुंजणं गेलं होतं. माणसं मातीची ढेकळं टाकत होती. अब्बा आले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. भाऊ बांधावर उभा होता, हातात काडीपेटी तशीच. अब्बांनी तोंड उघडलं. अम्मीनं त्यांच्याकडे बघितलं. अब्बांनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, ''कोई बात नहीं बेटा. अच्छा किया. चूहे मर गए होंगे.'' मग ते हसले. मग आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, मोठ्यानं. त्या वर्षी आम्ही चैतापासून तांदूळ विकत आणून खाल्ला.

हा भाऊ आता पन्नाशीला आला आहे. गावातच असतो. माझ्यापेक्षा मवाळ माणूस. त्याच्या दोन्ही मुली त्याला दटावतात आणि तो ऐकून घेतो. मागच्या आठवड्यात तो घरी आला, तेव्हा मी त्याला अँथनीची गोष्ट सांगितली. पुंजण्याचं काही बोललो नाही. आमच्या घरात ते कधी कोणी बोललेलं नाही.

त्यानं चहा संपेपर्यंत ऐकलं. मग विचारलं, ''भाईजान, रात्री तो कोणाजवळ झोपायचा?''

मी म्हटलं, ते दाखवलेलं नाही.

''मी त्या रात्री झोपलो नव्हतो,'' तो म्हणाला. ''अब्बा उठून येतील आणि मारतील, म्हणून दाराकडे बघत होतो. मग फजरची अजान झाली.''

मी विचारलं, ''मग?''

''आलेच नाहीत,'' तो म्हणाला, आणि कपबशी धुवायला घेऊन गेला.