चाकोरी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘अमेरिकेतील प्रवास’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांनी आज्ञा केली. ती मी थोड्या संकोचानेच मान्य केली. आज या सभागृहात असे एकही घर नसेल, की ज्यातील मुलगा, मुलगी किंवा निदान भाचा तरी त्या देशात नाही. तेथील गगनचुंबी इमारती आणि प्रशस्त दुकाने यांचे वर्णन ऐकून आपले कान किटले असतील. म्हणून मी आपणांस अशा एका वाटेवर नेणार आहे, की जिच्या दोहों बाजूंस मैलोगणती एकही इमारत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही चार जुने मित्र त्या वाटेने गेलो. चौघेही आपल्या मंडळाच्या विद्यार्थी वसतिगृहाचे रहिवासी. १९६६ ते १९७० ही चार वर्षे आम्ही एका खोलीत, एका कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली काढली. पुढे दोघे परदेशी गेले. त्यांपैकी एक डॉक्टर झाले, दुसरे इंजिनिअर. तिसरे मित्र मुंबईस बँकेत राहिले, आणि मी मास्तर झालो. पन्नास वर्षांनी एकत्र यावयाचे ठरले तेव्हा इंजिनिअरांनी पत्र धाडले : ‘आता पुन्हा कोणाच्या घरी बसून वडे खाण्यात अर्थ नाही. ओरेगॉनच्या जुन्या वाटेने मोटारीतून जाऊ. गाडी मी चालवतो.’ हिशेबाची वही अर्थातच बँकवाल्यांकडे आली. चिवडा आणि दशम्या मजकडे.

ही वाट कोणती, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या मध्यभागी मिसुरी नदीच्या काठापासून पश्चिमेस ओरेगॉनपर्यंत सुमारे दोन हजार मैलांचा हा मार्ग. १८४३ साली सुमारे हजार माणसांचा पहिला मोठा तांडा या वाटेने निघाला. १८६९ साली देशाच्या आरपार रेल्वे झाली, तोपर्यंत कित्येक लक्ष माणसे या आणि हिला फुटलेल्या वाटांनी पश्चिमेस गेली. वाहन बैलगाडी. आपण चित्रपटात पाहतो तसे कोणी गाडीत आरामात बसून जात नसे. गाडीत पीठ, मीठ, वाळवलेले मांस, नांगराचा फाळ आणि अंथरुणे. माणसे बहुधा पायी. दिवसाला पंधरा मैल गेले तरी समाधान. प्रवास चार ते सहा महिन्यांचा. आम्ही डेन्व्हरहून निघून दहा दिवसांत सुमारे अडीच हजार किलोमीटर गेलो, आणि तेवढ्यात चौघांचीही कंबर धरली. त्यावरून त्या लोकांची कल्पना करावी.

पहिला मुक्काम नेब्रास्काच्या पश्चिम टोकास स्कॉट्सब्लफ या गावी केला. माळावर एकाएकी उभे राहिलेले कडे तेथे आहेत. १९१९ साली त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. जवळच चिमणी रॉक नावाचा, धुराड्यासारखा उभा सुळका आहे. तांड्यांतील लोकांच्या रोजनिशांत त्याचा उल्लेख वारंवार येतो. परंतु आमचे पाय खिळले ते एका साध्या थडग्यापाशी. रिबेका विंटर्स नावाची पन्नास वर्षांची स्त्री १८५२ च्या ऑगस्टात तेथे पटकीने वारली. दगड घडविण्यास वेळ नाही, लाकूड टिकणार नाही. तेव्हा सोबतच्या एका गृहस्थाने गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली, तीवर छिन्नीने नाव व वय कोरले, आणि ती वाकवून थडग्यावर रोवली. त्या वाटेवर मेलेल्या हजारोंची थडगी नाहीशी झाली. ही एक धाव राहिली. पुढे जवळून आगगाडी गेली. १९९५ साली थडगे थोडे बाजूस, सुरक्षित जागी हलविण्यात आले. धाव अद्याप तेथे आहे.

आमचे डॉक्टर तेथे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “अरे, पटकी पाण्यातून पसरते हे यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. वरचा तांडा ज्या डबक्याशी घाण करून जाई, त्याच डबक्याचं पाणी खालचा तांडा पिई. कॉकनं पटकीचा जंतू आपल्या कलकत्त्याच्या तळ्यात दाखवून दिला तो १८८४ साली. आणि मीठ, साखर, पाणी एवढ्यावर माणूस वाचतो, हे बंगालच्या डॉक्टर महालनोबीसांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत हजारोंना पाजून दाखवलं. ही बाई चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर यांच्यासाठी गेली.”

आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “१९७४ साली आईची तार माझ्या हाती पडली तेव्हा तिला जाऊन तिसरा दिवस होता. तिकिटाला पैसे नव्हते, रजा नव्हती. या लोकांनी धाव तरी रोवली. मी काय रोवलं?”

मंडळी, पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य आमच्यापैकी कोणीही त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. त्यांच्या मातोश्री वारल्या तेव्हा खांदा देणाऱ्यांत मी होतो. ते दिवस कसे गेले, शेवटी त्या काय बोलल्या, हे सर्व मी त्यांना त्या थडग्यापाशी प्रथमच सांगितले. इतकी वर्षे मी ते का सांगितले नाही? त्यांनी विचारले नाही म्हणून. आणि त्यांनी का विचारले नाही? त्याचे उत्तर, ज्यांची मुले परदेशी आहेत त्या सर्व आईबापांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी वायोमिंग राज्यात फोर्ट लॅरामी येथे गेलो. तेथे आमचे भांडण झाले, तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. इंजिनिअर म्हणाले, “केवढी जिगर ही! ओसाड रानात माणसं देश उभा करतात.” बँकवाले म्हणाले, “रान ओसाड होतं, असं कोणी सांगितलं तुला? इथं लकोटा होते, शायेन होते, अरापाहो होते.” मी बँकवाल्यांचा पक्ष घेतला. १८५१ साली त्याच परिसरात सरकारने त्या लोकांशी तह केला आणि तांड्यांना वाट मिळविली. १८६८ साली दुसरा तह झाला. त्यात काळ्या टेकड्यांचा प्रदेश लकोटांना कायमचा दिला. १८७४ साली तेथे सोने सापडले, आणि १८७७ साली तो प्रदेश काढून घेण्यात आला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने, त्या भूमीची भरपाई द्यावी, असा निकाल दिला. त्या लोकांनी ते पैसे घेतले नाहीत. ‘आम्हांला भूमी पाहिजे’ एवढेच त्यांचे उत्तर. इंजिनिअर यावर रागावले. “मीही या देशात उपरा म्हणूनच आलो. मीही चोर का?” असे म्हणून त्यांनी जी मोटार हाकली, ती तासभर कोणाशी न बोलता.

ते मौन मोडले गर्न्झी नावाच्या लहान गावाजवळ. नदी आणि टेकडी यांच्या मध्ये तेथे जागा अशी चिंचोळी आहे, की प्रत्येक गाडीला एकाच जागेवरून खडक चढावा लागे. वाळूचा दगड मऊ. वीस-पंचवीस वर्षांत लोखंडी धावांनी आणि बैलांच्या खुरांनी त्या खडकात चाकोरी पडली. काही ठिकाणी ती पाच फूट खोल आहे. आम्ही चौघे तिच्यात उभे राहिलो, तर बँकवाल्यांचे केवळ डोके वर दिसे. ‘चाकोरी’ हा शब्द आपण किती हलक्या अर्थाने वापरतो! चाकोरीतला माणूस म्हणजे भित्रा, चाकोरीबाहेरचा तो शूर. परंतु ज्यांनी घरदार, गाव, सारी चाकोरी सोडली, त्यांनीच ही चाकोरी पाडली. पहिली गाडी गेली तेव्हा खडकावर ओरखडा उठला असेल, इतकेच. खोली आली ती मागून येणाऱ्यांमुळे. इंजिनिअर त्या भिंतीला हात लावून म्हणाले, “आपण मागून आलेले, लेका.” आणि हसले. तेव्हा चिवड्याचा डबा उघडला.

जवळच एका कड्यावर आणि पुढे इंडिपेन्डन्स रॉक नावाच्या प्रचंड ग्रॅनाइटच्या खडकावर प्रवाशांनी आपली नावे लिहून ठेविली आहेत. कोणी कोरली, कोणी गाडीच्या वंगणाने रंगविली. ४ जुलैच्या सुमारास या खडकापाशी पोहोचले, तर हिमवर्षावापूर्वी पर्वत ओलांडता येईल, असा ठोकताळा असे. ती नावे पाहताना आम्हां चौघांना एकदमच आठवण झाली ती आपल्या वसतिगृहाच्या सागवानी जिन्याची. १९६८ साली आम्ही त्या कठड्यावर चाकूने आपली आद्याक्षरे कोरली होती, आणि रेक्टरांनी प्रत्येकी दोन रुपये दंड केला होता. बँकवाल्यांनी तो दंड आपणच सर्वांच्या वतीने भरल्याचे आणि तो अद्याप वसूल न झाल्याचे तेथे जाहीर केले.

साउथ पास ही खिंड सुमारे ७,४०० फुटांवर आहे. खिंड म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पावनखिंड उभी राहते. येथे तसे काही नाही. सौम्य, रुंद, गवताळ माळ. पाणी इकडे पडले तर अटलांटिकच्या बाजूस, तिकडे पडले तर पॅसिफिकच्या बाजूस जाते, पण माणसाला आपण पाणलोट ओलांडला हे कळतही नाही. तेथे एक ओबडधोबड दगड आहे. तो एझ्रा मीकर या गृहस्थाने १९०६ साली बसविला. हा मनुष्य १८५२ साली तरुण पत्नी आणि तान्हे मूल घेऊन याच वाटेने पश्चिमेस आला होता. म्हातारपणी त्याच्या ध्यानात आले, की वाट नांगरली जात आहे आणि आठवणारे मरत आहेत. तेव्हा पंच्याहत्तराव्या वर्षी त्याने पुन्हा बैलगाडी जोडली आणि उलट दिशेने, गावोगाव स्मारकाचे दगड बसवीत तो निघाला. एक बैल वाटेत मेला. दुसरा जोडून तो पुढे गेला, आणि १९०७ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाऊन भेटला. १९२८ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी तो वारला. त्या दगडापाशी आम्ही चौघे सत्तरीचे म्हातारे उभे होतो. लाज वाटली, असे म्हणत नाही. पण विचार पडला.

आयडाहोचा लांबचा रस्ता मी आपणांस वगळून देतो. ओरेगॉन सिटी येथे ती जुनी वाट संपते. आम्ही मात्र समुद्रापर्यंत, कोलंबिया नदीच्या मुखाशी वसलेल्या अस्टोरिया गावी गेलो, कारण तेथे आपलीही एक वाट आहे. या गावच्या लाकडाच्या गिरण्यांत पंजाबी मजूर काम करीत, आणि १९१३ साली येथेच गदर पक्षाची स्थापना करणारी बैठक झाली. त्या चळवळीतील एक अग्रणी, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, याच ओरेगॉनात कॉर्व्हालिस येथे शेतकी शिकले. पुढे मेक्सिकोत त्यांनी मका-गव्हावर मोठे संशोधन केले, आणि १९६७ साली नागपुरास देह ठेविला.

याच भागात राहिलेले भगतसिंग थिंड अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांना मिळालेल्या नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वेळी कायद्याने ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसासच हा अधिकार मिळे. थिंड यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला, की आपण आर्य, उच्च जातीचे, म्हणून गोऱ्यांतच मोडतो. १९२३ साली न्यायालयाने तो फेटाळला. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. ज्या शिडीवर आपण कोणाच्या तरी वरच्या पायरीवर बसतो, त्याच शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर बसलेला दुसरा कोणी आपणांस खाली लोटू शकतो. ज्ञातिसंस्था एकमेकांस हात देण्यासाठी आहे, वरचढपणा मिरविण्यासाठी नाही, हे आमच्या इंजिनिअरांनी त्या रात्री आपण होऊन बोलून दाखविले. फोर्ट लॅरामीचा वाद असा मिटला.

आता माझी मागणी सांगतो आणि संपवितो. आपले जुने वसतिगृह पाडून तेथे नवी इमारत व्हावयाची आहे. ती अवश्य व्हावी. कोनशिलेवर देणगीदारांची नावे येतील, तीही यावीत. परंतु तो सागवानी कठडा भंगारात देऊ नये. आणि मंडळाने एक नोंदवही घालावी. आपल्यापैकी प्रत्येक घराण्याने तीत लिहावे : गाव कोणी सोडले, कोणत्या साली, गलबताने की पायी, पहिल्या रात्री कोणाच्या ओसरीवर झोपले, आणि मागे कोण राहिले. मागे राहिलेल्यांचे नाव विशेषेकरून लिहावे. वसतिगृहात वीस वर्षे आमच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बाईंचे संपूर्ण नाव आम्हां चौघांपैकी एकासही सांगता आले नाही. तेवढ्यासाठी आम्ही हजारो मैल दूर जाऊन मान खाली घातली.

पहिली नोंद डॉक्टरांनी पाठविली आहे. ती त्यांच्या मातोश्रींची आहे. दोन पाने आहेत, आणि अक्षर डॉक्टरांचे असूनही वाचता येते. दुसरी मी लिहीत आहे. तिसरी आपणांपैकी कोणी आज घरी गेल्यावर, वडीलधाऱ्यांपाशी बसून लिहावी. उद्यावर टाकू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.