जमीन किती तापली, ते नीट सांगा



विषय उन्हाळ्याचा आहे, पण ताक प्या, डोक्याला पंचा बांधा, हे मी सांगत बसणार नाही. ते तुम्ही लहानपणापासून करत आला आहात. मला बोलायचंय ते आपल्या जमिनीच्या वर्णनाबद्दल. चैत्र सरला की निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबाद, तिकडे खाली चिंचोळी, या बीदर-कलबुर्गीच्या सगळ्या पट्ट्यात एकच भाषा सुरू होते. मुलं निबंधात लिहितात, शिकलेली माणसं अर्जात लिहितात, बातम्यांतही तेच येतं : आमची जमीन 'फर्नेस' झाली, 'डेझर्ट' झाली, 'स्कॉर्च्ड अर्थ' झाली. इंग्रजी शब्दांवर माझा राग नाही. बस, टेबल, मोटार हे शब्द आपण घेतलेच की. पण जमीन तापली म्हणताना कुठली जमीन, किती वाजता, किती खोल, हे सांगायचं असतं, आणि या शब्दांत ते कुठेच येत नाही.

'डेझर्ट' घ्या. वर्षाला अडीचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो त्या मुलखाला साधारणपणे वाळवंट म्हणतात. आपल्या बीदर जिल्ह्याची सरासरी आठशेच्या वर आहे. कलबुर्गी जिल्हा तर तुरीचं कोठार. तिथल्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाळवंटात तुरी पिकतात का? आणि 'स्कॉर्च्ड अर्थ' हा तर लढाईतला शब्द आहे. शत्रूला दाणा-वैरण मिळू नये म्हणून माघार घेणारं सैन्य स्वतःच्याच मुलखातली पिकं, कोठारं जाळत जातं, त्याला तसं म्हणतात. १८१२ साली नेपोलियन चालून आला तेव्हा रशियनांनी ते केलं. आपल्या मे महिन्यातल्या रानाला कोणी आग लावलेली नाही. ते रान मृगाची वाट बघत पडलेलं आहे.

आता घरातलं उदाहरण देते. भाकरी करणारी बाई तव्यावर पाण्याचा शिपका मारते. थेंब नुसता पसरला तर तवा अजून तापायचा आहे. चर्र करून विरला तर भाकरी टाकायची. थेंब गोळी होऊन तव्यावर नाचत सुटला तर तवा फार तापला, चुलीतलं लाकूड मागे ओढायचं. 'तवा गरम आहे' एवढ्यावर तिचं भागत नाही. किती गरम, हे कळलं नाही तर भाकरी करपते किंवा कच्ची राहते. जमिनीचंही तसंच आहे. आपल्या शेतकऱ्याला त्या तव्याची पारख आहे, फक्त ती कागदावर येत नाही. कागदावर 'फर्नेस' येतं.

एक गोष्ट मी आज दोनदा सांगणार आहे, कारण ती नेहमी निसटते. बातम्यांत सांगतात ते तापमान हवेचं असतं, जमिनीचं नव्हे. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो. तिथे ४० अंश भरले आणि नेहमीच्यापेक्षा साडेचार अंश जास्त असले, की आपल्यासारख्या सपाट मुलखात उष्णतेची लाट जाहीर करतात. पण त्याच वेळी उघड्या, कोरड्या, काळ्या रानाची वरची माती साठ अंशांच्याही पुढे गेलेली असू शकते. खुरपणारी बाई त्या मातीवर बसते, त्या पेटीत नाही. अमेरिकेत डेथ व्हॅली म्हणून दरी आहे, तिथल्या फर्नेस क्रीक या ठिकाणी १० जुलै १९१३ रोजी हवेचं तापमान ५६.७ अंश नोंदलं गेलं. जगातला तो उच्चांक आजही मानला जातो. आणि इराणच्या लूत वाळवंटात उपग्रहांनी मोजलेलं जमिनीचं तापमान ८० अंशांच्या वर गेलेलं आहे. बघा किती फरक.

पुन्हा त्या तव्याकडे येते. पातळ लोखंडी तवा चटकन तापतो आणि चटकन निवतो. मातीचं खापर तापायला वेळ घेतं, पण चूल विझली तरी धग धरून राहतं. आपल्याकडे दोन्ही आहेत. कोरडी, भुसभुशीत काळी माती म्हणजे लोखंडी तवा : दुपारी पाय ठेववत नाही, पण रात्री उशिरा तिथे अंथरूण टाकता येतं. आणि शहाबादी फरशीचं छप्पर म्हणजे खापर. सेडम, चितापूरकडे ज्यांच्या घरांवर ती फरशी आहे त्यांना विचारा. रात्रीचे दहा वाजले तरी वरून झळ येत राहते. म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला त्रास होतो तो या रात्रीच्या धगीने. आता सांगा, 'फर्नेस' म्हटल्याने यातलं काय कळलं? एकाला दुपार टाळायची आहे, दुसऱ्याला रात्र.

शिवाय बीदरचं पठार उंच, साडेसहाशे मीटरच्या वर, माती तांबडी, खाली जांभा दगड. कलबुर्गी त्यापेक्षा सुमारे दोनशे मीटर खाली, काळ्या रानात. पटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही संशोधन संस्था उभी राहिली, तिच्या आवारात तांबडी आणि काळी अशा दोन्ही जमिनी आहेत, आणि दोन्हींचा अभ्यास वेगवेगळा होतो. काळी माती वाळली की आकसते, तिला भेगा पडतात, त्या भेगांतून खालचीही ओल उडून जाते. तांबडीचं असं होत नाही. एकाच नावाने दोघींना हाक मारून कसं चालेल?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपला शेतकरी जमीन मुद्दाम तापवतो! उन्हाळी नांगरट कशासाठी करतात? ढेकळं उलटी पडावीत, घाटेअळीचे कोष वर यावेत, उन्हाने मरावेत, पाखरांनी वेचावेत, हरळीची मुळं वाळावीत. 'चांगली तापू द्या' असं आपल्याकडची जाणती माणसं म्हणतात. तापलेली जमीन ही त्यांच्या दृष्टीने पुढच्या हंगामाची तयारी असते. इंग्रजी शब्दांत फक्त नाश आहे, ही तयारी नाही. मुलं ते शब्द वाचून मोठी झाली तर बाप मे महिन्यात नांगर का धरतो हे त्यांना कळणार नाही. मला याची फार काळजी वाटते.

वेळ संपत आला आहे, थांबायची खूण झाली. कलबुर्गी विभागात एप्रिल-मे महिन्यांत उन्हामुळे सरकारी कचेऱ्या सकाळी आठ ते दीड अशा चालतात. तशाच रोजावर जाणाऱ्यांच्या वेळांबद्दलही बोलायचं होतं, ते आता राहिलंच.

जाता जाता पुन्हा सांगते : हवेचा आकडा वेगळा, जमिनीची धग वेगळी. पंचायतीत अर्ज द्याल तेव्हा लिहा की रान काळं आहे की तांबडं, भेगेत हात मनगटापर्यंत जातो की कोपरापर्यंत, विहिरीत पाणी किती हात उरलं आहे, किती वाजल्यापुढे बाया कामावर थांबू शकत नाहीत. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे की या उन्हाळ्यात मुलांना निबंध घालाल तेव्हा आधी त्यांना बापाच्या शेतावर पाठवा, सकाळी एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा, आणि हाताला काय लागलं ते मराठीत, कन्नडमध्ये, ज्या भाषेत घरी बोलतात त्या भाषेत लिहू द्या.